कोरडा कोपरा

मांजरानं दूध सांडलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

खोरशेदबाईंचा ड्रायव्हर पाचगणीचा घाट उतरून निरोप घेऊन आला, तेव्हा मी वाईला, गालिचे रफू करणाऱ्या दस्तगीरचाचांच्या पडवीत लोकरीच्या लडी निवडत बसले होते. चाचा भिंतीला टेकून ऊन खात होते. सकाळचे दहा वाजले असतील.

"पातेलंभर दूध सांडलंय," ड्रायव्हर म्हणाला. "दिवाणखान्यातल्या मोठ्या गालिच्यावर. बाई पुसून पुसून दमल्या, पण वास काय हटत नाही. दुपारी टेम्पोतनं गालिचा येतोय. उद्या नदीवर धुवा म्हणाल्या. आणि बाई स्वतः येणार आहेत बघायला."

"धुवायलाच लागंल," चाचा म्हणाले. "दूध लोकरीत मुरलं की कसर लागते. सांग बाईंना, उद्या नऊ वाजता, नेहमीच्या खडकावर."

ड्रायव्हर गेला. माझ्या हातातली लडी मांडीवरून घरंगळून पायरीपर्यंत गेली होती, तरी मी उठले नाही.

"काय गं अनसूया बेटी? गप्प का?"

"काय न्हाई, चाचा. हिव वाजतंय."

हिव कसलं वाजतंय, डोंबल! कपाळावरून घाम ओघळत होता. बरं झालं चाचांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, माणूस समोर उभा राहिला तर उजेडात डाग दिसावा तेवढंच त्यांना दिसे.

आज मी सत्तरी गाठली आहे आणि बोटांनी सुई धरवत नाही, पण त्या सकाळची भीती अजून गेलेली नाही. भीती कशाची होती ते आधी सांगते.

त्या गालिच्याच्या मधोमध तळहाताएवढा एक तुकडा माझ्या हातचा होता. थंडीत शेगडीतला निखारा उडून तिथं भोक पडलं होतं. चाचांचे डोळे गेलेले, म्हणून ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी बावीस वर्षांची, शिकायला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. आम्ही माण तालुक्यातले सनगर, घोंगड्या विणणारे. लोकर आमच्या हाडीमाशी खिळलेली. चाचा आमच्याकडून हातानं कातलेलं सूत न्यायला यायचे. मी नवऱ्याला टाकून माहेरी आले त्या साली ते असेच आले, माझी कताई त्यांनी बोटांत धरून बघितली आणि दादाला म्हणाले, "ही मुलगी मला दे. रफू शिकवतो. वाईला हिची मावशी आहे, तिच्याकडं राहील."

दादा वाईट नव्हता. पण माझ्या पाठची एक बहीण लग्नाची होती आणि थोरली घरात बसलेली बघून पाहुणे उंबऱ्यावरून परत जायचे. शेवटी दादानं अट घातली. काम जमलं, स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर लोकांना तोंड देता येईल. नाही जमलं तर पाटणला नवऱ्याकडं परत. माझ्या डाव्या दंडावर उलथन्याचा चट्टा आहे. पाटणचं नाव निघालं की तो चट्टा आपोआप खाजायला लागायचा.

आणि मी काय केलं होतं? तर अस्सल गालिच्यात पुडीचा रंग घातला होता.

ते असं झालं. जळालेल्या फुलाला लाल रंग हवा होता. चाचांकडे लाल म्हणजे मंजिष्ठेचा. लोकर रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवायची, मग मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर चुलीवर चढवायची आणि दिवसभर राखत बसायचं. पाणी गरम हवं पण उकळी येता कामा नये. उकळलं की लाल मेला, हाती येते ती विटकरी घाण. चाचा म्हणायचे, "मंजिष्ठ म्हातारीसारखी असते. घाई केली की रुसते." मी चुलीपाशी बसले होते तेवढ्यात पोस्टमननं दादाचं कार्ड दिलं. पाटणहून बोलावणं आलंय. दिवाळीनंतर येतो. काम जमलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर तुला पोचवतो. चार ओळीचं कार्ड मी दहा वेळा वाचलं. मान वर केली तेव्हा पातेलं खदखदत होतं.

घरातली सगळी मंजिष्ठ त्यात संपली होती. पुण्याच्या काष्ठौषधीवाल्याकडून नवी यायला पंधरा दिवस लागले असते, आणि चाचांनी बाईंना दसऱ्याचा शब्द दिलेला. मी चाचांना सांगितलं असतं तर ते रागावले नसते. ते मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की काम जमलं पाहिजे. मी उठले, बाजारात गेले, लाल रंगाची पुडी आणली आणि दहा मिनिटांत लोकर रंगवून मोकळी झाले. मेला रंग असा जुळला की मंजिष्ठेनंही तोंडात बोट घालावं.

पुढं महिनाभर गाठी बांधल्या. एकेक गाठ दोन उभ्या धाग्यांवर, सुईनं ओढून, कापून, ठोकून. काम झाल्यावर चाचांनी त्या जागेवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली, जरा वेळ तशीच ठेवली आणि म्हणाले, "हं." मला ते कौतुक वाटलं. खोरशेदबाईंनीही भिंग लावून बघितलं आणि मान डोलावली.

पण हाताला फसवता येतं, डोळ्याला फसवता येतं, पाण्याला नाही. पुडीचा लाल पाण्यात उतरतो. आणि त्या फुलाच्या चारी बाजूंनी दुधावरच्या सायीसारखी पांढरट जमीन होती, शंभर वर्षांची.

दुपारी टेम्पो आला. हमालांनी गालिचा पडवीत उलगडला. चाचा आत नमाजाला गेले तशी मी पांढरं फडकं ओलं केलं आणि माझ्या फुलावर हलकेच दाबलं. फडक्यावर गुलाबी ठसा उठला. मी ते घाईघाईनं चोळीत कोंबलं.

चाचा बाहेर आले. मी म्हटलं, "चाचा, सगळा धुवायलाच पायजे का? दूध तर कडंला सांडलंय. मधला भाग कोरडा ठिवला तर?"

"का?"

"तुमी दर टायमाला येक कोपरा कोरडा ठिवताच की."

हे चाचांचं एक शास्त्रच होतं. कुठलाही गालिचा धुवायला काढला की त्याचा एक कोपरा दुमडायचा, त्यावर बोचकं ठेवायचं आणि धुणं होईपर्यंत चाचांनी त्यावर बसून राहायचं. सगळा गालिचा पाण्याला दाखवला तर नजर लागते, म्हणायचे. गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक होतं. कुणी हसायचं, कुणी हात जोडायचं.

चाचांनी वाकून गालिच्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "दूध कुठवर गेलंय कुणाला माहीत? सगळा धुवायचा. जा, रिठे भिजत घाल."

मी रिठे भिजत घातले. फासावर जाणाऱ्यानं स्वतःच दोरी वळावी तशी ते फोडून बिया काढत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर पोचले आणि बघते तर घाटाच्या पायरीवर दादा बसलेला. खांद्यावर घोंगडी, पायाशी पिशवी. एस्टीनं थेट उतरून आला होता.

"मावशी म्हनली तू हितं हायस," तो म्हणाला. "म्हनलं काम तरी बघू तुजं."

"आजच आलास?"

"मग? कार्ड टाकलं हुतं न्हवं? पाटणची मानसं लई मागं लागल्यात. दुपारची गाडी हाय सातारची. काय त्ये आज ठरवून टाकू."

चट्टा खाजायला लागला. नदीचं पाणी संथ वाहत होतं, ऊन कोवळं होतं आणि पलीकडं बायका धुणी आपटत होत्या.

खोरशेदबाईंची फियाट आली. बाई पारशी, सत्तरीच्या, काटकुळ्या, फ्रॉक आणि डोक्यावर टोपी. ड्रायव्हरनं झाडाखाली खुर्ची मांडली, पण बाई बसल्या नाहीत. काठी टेकत थेट गालिच्यापाशी आल्या. दादाला बघून म्हणाल्या, "हा कोण?"

"माझा भाऊ, बाई. काम बघाय आलाय."

"बरं केलं. बघ, बघ. माझ्या ग्रँडफादरनी केरमानहून आणला हा. किती लोक चालले याच्यावर! माझं लग्न याच्यावर झालं, माझा नवरा याच्यावर पडून मेला. काय पण झालं नाय याला." त्यांनी काठीनं एक कड उलटी केली. "पाठ बघ. पुढे फूल तसंच मागे फूल. मशीनचा असेल तर मागे डिंक. आणि या दशा बघ, वरून शिवल्या नाय. आतले धागेच बाहेर आले."

दादा खाली वाकला. विणणाऱ्याची जात. त्यानं पाठीवरून अंगठा फिरवला, एक दशी बोटात धरून पीळ बघितला. "कोकराची लोकर हाय," तो पुटपुटला. "हातकताई. तेल हाय अजून लोकरीत."

"आमची कला ओळखली बघ तुझ्या भावानं," चाचा म्हणाले. हमालांनी गालिचा खडकावर ताणून पसरला. मी कळश्या भरून ठेवल्या. आता चाचा नेहमीसारखा कोपरा दुमडणार, त्यावर बसणार, आणि मग मधल्या भागावर पहिली कळशी पडणार. मी मनात खंडोबाला बोलले, धो धो पाऊस पाड, भूकंप कर, काहीही कर.

चाचा बसले नाहीत. अनवाणी पायानं चाचपत ते कडेकडेनं चालले. नदीकडच्या कोपऱ्याशी थांबले, अंगठ्यानं चाचपलं आणि म्हणाले, "कळशी दे. इथून सुरू करू."

"चाचा, त्यो कोपरा... कोरडा ठिवायचा न्हवं?"

"आज नाही."

त्यांनी कळशी स्वतः उचलली आणि कोपऱ्यावर ओतली. हातानं लोकर चोळली, पुन्हा ओतली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या कोपऱ्यातल्या लाल फुलातून लाली सुटली. पांढऱ्या जमिनीवरून ती बोट बोट पुढं सरकली आणि खडकावरून नदीत ओघळली.

मला वाटलं मला भ्रम झाला. ते फूल माझं नव्हतं!

"दस्तगीर!" बाई किंचाळल्या. "अरे, आ सूं थयूं? हा रंग कसा गेला?"

चाचांनी कळशी खाली ठेवली. ते ओल्या गालिच्यावरच गुडघे टेकून बसले. "कच्चा आहे म्हणून गेला, बाई. तुमच्या मम्मीच्या वेळेला हा कोपरा उंदरानं कुरतडला होता. माझं काम आहे हे."

"तुझं? तू पुडीचा रंग घातला? तू?"

"नवीन होतो. वालिद नुकतेच गुजरले होते, त्यांचं नाव मला चालवायचं होतं. मंजिष्ठ बिघडली आणि मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी तुमच्या मम्मीनी शाबासकी दिली, मग सांगायची हिंमत झाली नाही."

"किती वर्षं झाली?"

"चाळीस होतील."

बाई हिशेब करत उभ्या राहिल्या. मग त्यांच्या तोंडावर उजेड पडला. "एटले, म्हणजे ते नजर लागते... कोपरा कोरडा ठेवायचा..."

"सगळं झूठ, बाई. एकाच गालिच्यावर बसलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून सगळ्यांच्यावर बसलो."

चाळीस वर्षं. त्या एका कोपऱ्यासाठी या माणसानं शेकडो गालिच्यांचे चांगले कोपरे कोरडे ठेवले होते, आणि गावानं त्याला शास्त्र म्हणून हात जोडले होते. मला हसू यायला हवं होतं. मला रडूही येईना. एवढंच कळलं की आता धुणं थांबणार, गालिचा गुंडाळला जाणार आणि माझं फूल कोरडं राहणार. मी वाचले होते. मी चाचांच्या पाठीकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की त्यांनी या कोपऱ्यावर आजच पाणी का ओतलं. त्यांना माझ्या फुलाचं ठाऊक होतं.

"आता तुला तर दिसत नाय," बाई रागानं म्हणाल्या. "हे दुरुस्त कोण करणार?"

"ही करील. माझ्यापेक्षा चांगली बांधते."

"आणि हिचा रंग? तो पण तुझ्यासारखाच असला तर?"

"तिचा लाल पक्का आहे," चाचा म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"तर मग हातकंगनाला आरसा कशाला?" बाईंनी काठी माझ्याकडं रोखली. "ए पोरी, घे कळशी. तुझ्या फुलावर ओत. मला बघू दे."

चाचांची मान खाली गेली. मला वाचवायला गेलेला माणूस, त्यानंच नकळत मला कड्यावर आणून उभं केलं होतं.

मी कळशी उचलली. फुलापर्यंतची सहा पावलं मी कशी चालले ते मला माहीत नाही. दादा पायरीवरून उतरून जवळ आला होता, नीट दिसावं म्हणून. त्याच्या खिशातून एस्टीच्या तिकिटाचं टोक बाहेर आलं होतं. मला पाटणचं घर दिसलं. चुलीपुढची ती जागा, तापत ठेवलेलं उलथनं, दाराला आतून लावलेली कडी. अजून तोंड मिटून राहिले तर काय होईल? थोडंसंच ओतलं, भरकन ओघळू दिलं, तर कदाचित उतरणार नाही. कदाचित बाईंना उन्हात दिसणार नाही. कदाचित.

चाचा चाळीस वर्षं असंच कदाचित कदाचित करत त्या कोपऱ्यावर बसले होते.

मी कळशी खाली ठेवली.

"वतायची गरज न्हाई, बाई," मी म्हटलं. "रंग जानार. पुडीचाच हाय. चाचा खोटं बोलत्यात माज्यासाठी."

दादाकडं बघायची माझी छाती झाली नाही. मी दंडावर हात ठेवून उभी होते.

बाई काठी टाकून खाली बसल्या. त्या वयात त्यांना गुडघे मोडताना किती दुखलं असेल! त्यांनी गालिचा दुमडून माझ्या फुलाची पाठ वर केली, भिंग काढलं आणि नाकाला लागेल इतक्या जवळून बघत राहिल्या. मग कोपऱ्यापाशी सरकल्या, तिथलीही पाठ बघितली.

"गाठ बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझी पण, याची पण. फक्त रंग चोर आहे. घरात चोर शिरला तर चोराला हाकलायचं, घर पाडायचं नाय. मशीनचा असता तर मी आज नदीत टाकला असता. हा उसवता येतो, परत बांधता येतो. म्हणून तर तो माझ्या ग्रँडफादरपेक्षा जास्त जगला." मग त्यांनी बोट उगारलं. "पण परत खोटं बोललात, तर दोघांना नदीत टाकीन."

"हो, बाई," चाचा म्हणाले. मी नुसती मान हलवली.

"आणि दूध? वासाचं काय?"

"आधी लाल गाठी काढतो," चाचा म्हणाले. "कोपऱ्यातल्या आणि हिच्या. लाल निघाला की आज संध्याकाळच्या आत धुऊन टाकतो. बाकीचं शंभर वर्षांचं आहे, त्याला काही होत नाही."

बाईंनी कोपऱ्यातली लाली आधी जुन्या धोतराच्या धडप्यानं टिपून घेतली, मग वाहत्या पाण्याच्या कळश्यांवर कळश्या ओतायला लावल्या. ती गेली. एका पांढऱ्या पाकळीवर तेवढी गुलाबी छटा राहिली, ती अजून आहे.

मी सुई आणि कातर घेऊन खडकावर बसले. एकेक गाठ सोडवायची, खालचा धागा दुखावू द्यायचा नाही. बांधायला जितका वेळ, त्याहून जास्त चिकाटी सोडवायला. सुई दोनदा बोटात घुसली. माझ्यावर सावली पडली. मान वर न करताही मला कळलं की दादा आहे. आता म्हणेल, ऊठ, चल.

"दुसरी सुई हाय का?" दादा म्हणाला.

मी वर बघितलं.

"न्हाई म्हंजे," तो घोंगडी खाली अंथरत म्हणाला, "कोपऱ्याकडनं मी धरतो. येकटीनं करशील तर दिस मावळंल."

घोंगड्या विणणारा माणूस, त्याला धागा ओळखायला शिकवावं लागलं नाही. आम्ही दोघं गालिच्याच्या दोन जागी पाठमोरे बसून गाठी काढत राहिलो. साताऱ्याची दुपारची गाडी निघून गेली. मग तो म्हणाला, "पुडीचा रंग घातलास ते मला कळलं नसतं बघ. तू सांगितलं नसतंस तर."

"ठावं हाय."

"मग का सांगितलंस? पाटणची गाडी दिसत हुती न्हवं समोर?"

मी म्हटलं, "ह्ये काम खोटं करून जमलं असतं, तर त्ये जमलं म्हनायचं का?"

दादानं सुईतली लाल लोकर फुंकून नदीत उडवली. "ह्ये परत बांधाय किती दिस लागतील?"

"मंजिष्ठ यायची, रंगवायचं... चार म्हैने."

"मग चार म्हैन्यानं येतो," तो म्हणाला. "तवर पाटणकरास्नी काय सांगायचं त्ये मी बघतो. आन् धाकटीचं बी बघतो."

दिवस कलायच्या आत आम्ही गालिचा धुतला. दूध निघालं, वास गेला. दोन ठिकाणी नुसते उभे-आडवे धागे दिसत होते, दात पडल्यासारखे. दादा संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं गेला, एकटा.

बाकी काही नाही, पण एक गोष्ट मला चाचांना विचारायची होती. लडी वाळत घालताना मी विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पुडीचा रंग लोकर राठ करतो. माझे डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

"मग बोललाव का न्हाई? दोन म्हैने!"

"कुठल्या तोंडानं बोलू?" चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं मीच तसल्याच कोपऱ्यावर बसलो होतो."

चार महिने गेले. मंजिष्ठ आली. मी पातेल्यापाशी दिवसभर बसले, आलेली कार्डं न वाचताच मावशीच्या उशीखाली ठेवून. पाणी गरम राहिलं, उकळलं नाही. गाठी पुन्हा बांधल्या, आधी चाचांच्या कोपऱ्यातल्या, मग माझ्या. नव्या लालाची छटा जुन्याहून थोडी वेगळी पडली. चाचा म्हणाले असू दे, दोन घाण्यांचा रंग एक कधीच येत नाही, त्यावरूनच तर हाताचं काम ओळखतात.

चैत्रात गालिचा पुन्हा त्याच खडकावर पसरला. बाई खुर्चीत. दादा आला होता, पाठीवर लोकरीचं गाठोडं घेऊन. तोपर्यंत चाचांना उजेडाचा डागही दिसेनासा झाला होता. मी त्यांचा हात धरून त्यांना गालिच्याच्या कडेला उभं केलं आणि भीती तीच होती.

"सगळे कोपरे भिजव," चाचा म्हणाले. "एकही सोडू नकोस."

मी चारी कोपऱ्यांवर ओतलं, मग मधल्या फुलावर, आणि रिठ्याचा फेस करून चोळलं. पुन्हा ओतलं. पाणी गालिच्याच्या कडेवरून खडकावर आलं आणि खडकावरून नदीत जाऊ लागलं.

"कसंय पाणी?" चाचांनी विचारलं.

मला दिसत होतं, पण माझा डोळ्यांवर भरवसा नव्हता. मी आणखी एक कळशी ओतली.

"बेटी? पाणी कसंय?"

दादा खडकाच्या टोकाशी उकिडवा बसला, त्यानं ओघळणारं पाणी ओंजळीत धरलं, उन्हात नेलं आणि निरखून बघितलं.

"नितळ हाय, चाचा," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "अनशे, ही लोकर ठिवून घे. दरसाल आणून दीन."